कशाने आला

मालकांनी फेब्रुवारीत नोटीस लावली:
सायकलने येईल त्याला दिवसाला बारा रुपये,
बसचं तिकीट दाखवील त्याला आठ.
खाली सही, शिक्का
आणि टॉवेलच्या खोक्यावर असतं तसलं हिरवं पान,
बाहेरच्या गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून.

मी टाइमकीपर.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
गेटशेजारच्या पत्र्याखाली बसतो.
हजेरीवहीत पट्टीनं रेघ मारून
एक रकाना पाडला.
वर काय लिहावं सुचेना.
लिहिलं: ‘कशाने आला’.

आठवड्याभरात सायकली निघाल्या
माळ्यावरून, जिन्याखालून,
एकीच्या कॅरिअरवर कोंबडी खुडूक बसलेली होती म्हणे.
राजेशम कोंडा आला बापाची घेऊन,
हँडलला अजून म्युनिसिपालटीचा पितळी बिल्ला.
तेव्हा सायकल ठेवायची तर कर भरावा लागायचा.
“आता उलटे पैसे देतात,” तो म्हणाला,
“बा असता तर पावती मागितली असती.”

व्यंकटेश मादगुंडी मोटरसायकल लावतो
चौकातल्या टपरीमागे,
तिथून सायकल. दोनशे पावलं.
गेटात घंटी मात्र वाजवतो दणक्यात.
एप्रिलमध्ये सोलापुरात
कोरड्या पाठीनं सायकल हाणणारा माणूस
अजून जन्मायचाय.
मी पाठीकडं बघतो, बारा लिहितो.
मी स्वतः स्कूटरवर येतो,
माझ्या नावापुढं नुसत्या आडव्या रेघा.
कुणाची पाठ काढायची मी?

मग एका सोमवारी खिडकीत अंबव्वा चिलवेरी,
पॅकिंगची.
“सार, माझं?”
“सायकल आहे?”
“नाही.”
“तिकीट?”
“चालत येती की. कुंभारीच्या घरकुलातनं.”
“चालण्याला दर नाही, अक्का.”

आधी विड्या वळायची ती.
हजाराच्या हिशोबात वाढलेली बाई,
तोंडी गुणाकार करते.
येताना पाऊण तास, जाताना पाऊण,
अकरा वर्षं.
“रिक्षाचे वीस वाचवायला चालत होते
तवर ती माझी गरिबी.
ते सायकलवर आले की
हवा चांगली होती म्हणताय.”

अकाउंटंट कुलकर्ण्यांना विचारून आलो.
ते म्हणाले, पुरावा काय?
सायकल दिसते, तिकीट चिकटवता येतं,
चालण्याचं काय चिकटवणार वहीत?

हे तिला सांगितलं.
ती काही बोलली नाही. वाकली,
डाव्या पायातली चप्पल काढली
आणि खिडकीच्या फळीवर ठेवली, उलटी.
तळ कधीच गेलेला.
त्याजागी चांभारानं शिवलेला
सायकलच्या टायरचा तुकडा,
खवले अर्ध्याहून झिजलेले,
मधे रुतून बसलेला एक खडा.

मी बराच वेळ बघत राहिलो.
मागं लाइन खोळंबली होती.
मग तिच्या नावापुढं
चांगल्या अक्षरात लिहिलं: सायकल.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या चौघी आल्या,
चपला हातात घेऊनच.
एकीच्या टायरवर कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं.
एकीची नवीकोरी होती, प्लास्टिकची.
तिला परत पाठवताना वाईट वाटलं.
शनिवारी तीही आली, टायर मारून.

मे महिना. डांबर पायाला चिकटत होतं.
मालक स्वतः खाली आले वही घेऊन,
स्टँडवर उन्हात उभे राहून मोजलं.
दोनदा मोजलं.
“वहीत एकेचाळीस.
इथं सव्वीस.”
कुलकर्णी माझ्याकडं बघत होते.
व्यंकटेश दुसरीकडंच कुठं तरी.

“उरलेल्या पंधरा कुठायत?”

पॅकिंगच्या हॉलमध्ये चपला चालत नाहीत,
पांढऱ्या टॉवेलला धूळ लागते.
दाराबाहेर भिंतीला लागून सोडाव्या लागतात.
मी तिकडं बोट केलं.